आंघोळीचं जोतं

इंग्लंडात आभाळातून कितीही पाणी पडलं तरी लोक निमूटपणे छत्री उघडतात. घरातल्या जमिनीवर मात्र पेलाभर पाणी सांडलं की घरमालकाचा चेहरा बघवत नाही. आपल्याकडून नव्याने आलेल्या माणसाला हे पहिल्याच सकाळी कळतं. तो टॉवेल खांद्यावर टाकून बाथरूममध्ये शिरतो, कडी लावतो आणि जमिनीत भोक शोधू लागतो. जाळी नाही, मोरी नाही, कुठल्याच कोपऱ्याकडे उतार नाही. पाण्याची धास्ती इतकी की दिव्याला भिंतीवर बटणसुद्धा नाही, छतातून दोरी लोंबते ती ओढायची. आणि काही जुन्या घरांत पायाखाली चक्क भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. १९७०च्या दशकात बाथरूममधला गालिचा ही इथे हौसेची गोष्ट होती. काही घरांत ती हौस अजून ओली आहे.

या सगळ्याचं कारण पायाखालीच आहे. आमचं घर रेडिंगमधल्या एका गल्लीत, व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या वर्षांत बांधलेलं, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना चिकटून उभं. बाहेरून बघाल तर लाल विटांचा भक्कम कारभार. पण वरच्या मजल्याची जमीन म्हणजे आपला कडीपाट: सात इंच उंचीच्या लाकडी कड्या, सोळा-सोळा इंचांवर टाकलेल्या, वरून फळ्या, खालून प्लास्टर. वर कुणी आंघोळ करेल हे बांधणाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. संडास परसात आणि आंघोळ खाली शेगडीपुढे पत्र्याच्या टबात, तीही आठवड्याच्या हिशेबाने. पार १९६७ सालीसुद्धा इंग्लंड आणि वेल्समधल्या चौथाई घरांत बाथ किंवा शॉवर, घरातला संडास, सिंक, गरम-गार पाण्याचे नळ, यांतलं काही ना काही नव्हतं. पुढे केव्हातरी कुणीतरी मागच्या झोपायच्या खोलीत टब आणून ठेवला, भिंतीतून पाइप बाहेर काढला आणि त्या खोलीला बाथरूम म्हणायला सुरुवात केली. लाकडाला कुणी विचारलं नाही.

आपल्याकडे उलटं. बाथरूमचा स्लॅब मुद्दाम खाली दाबतात, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरतात, वर फरशी, फरशीला ढाळ. एवढं करून पाणी खालच्या फ्लॅटमध्ये जातंच, आणि तिथून सोसायटीच्या वार्षिक सभेत. इथे खाली आपलीच बैठकीची खोली आणि आपलाच टीव्ही. भांडायला माणूससुद्धा मिळत नाही.

तर आमच्याकडे टब काढून शॉवर बसवायचं ठरलं ते सासूबाईंच्या गुडघ्यामुळे. सासू-सासरे साताऱ्याहून यायचे होते. टबाची कड ओलांडून आत उतरायचं म्हणजे एक पाय हवेत, दुसरा निसरड्यावर आणि हाताला धरायला फक्त साबणदाणी. गुडघ्याचं ऑपरेशन लांबलं होतं, टबाचं उरकून घेऊ असा बायकोचा विचार. बरोबर सासरेही यायचे होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णा सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. हयातभर मोऱ्या बांधल्या, रस्त्याखालच्या. पाणी कुठून येतं याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं, ते कुठे जाणार हा त्यांचा प्रांत. त्यांचं विमान उतरायच्या आत काम संपवायचं असं आम्ही ठरवलं होतं. प्लंबरने मात्र तारीख दिली ती बरोबर त्यांच्या मुक्कामातली.

ट्रेची खरेदी ही बघण्यासारखी गोष्ट असते. शोरूममध्ये भिंतीला टेकवून पंधरा-वीस पांढऱ्या चौकोनी ताटल्या उभ्या असतात. सगळ्या सारख्या, किमती वेगळ्या. स्वस्तातली ॲक्रिलिकची, हलकी. तिच्यावर उभं राहिलं की करकरते. महागातली स्टोन रेझिनची: दगडाचा भुगा पॉलिएस्टर रेझिनमध्ये कालवून ओतलेला, वर ॲक्रिलिकचा गुळगुळीत थर. विक्रेता बोटांच्या पेरांनी ठोकून दाखवतो आणि गिऱ्हाईकही कलिंगड घ्यायला आल्यासारखं कान लावून ऐकतं. ‘बद्द’ आवाज आला की चांगली. १२०० बाय ८०० मिलिमीटरच्या ताटलीचं वजन पंचेचाळीस किलोच्या आसपास. जड ते टिकाऊ, या बाबतीत इंग्लंड आणि तांबट आळी यांचं एकमत आहे.

टिकाऊपणाचा पहिला प्रत्यय दारात येतो. इथल्या पार्सलवाल्यांच्या नियमात एक गोड अट असते: माल ‘फुटपाथपर्यंत’ पोचवला जाईल. आपल्याला वाटतं, ही म्हणण्याची पद्धत झाली. तसं नसतं. ट्रक येतो, मागची फळी खाली उतरते, लाकडी पॅलेटवर बांधलेली ताटली फुटपाथवर ठेवली जाते, तुमची सही घेतली जाते आणि ट्रक जातो. तुमच्या दारापासून चार पावलांवर तुमची पंचेचाळीस किलोची मालमत्ता पावसात उभी राहते.

अशा वेळी इंग्रज शेजारी देवासारखा धावून येतो. एरवी वर्षभर तो हवामानापलीकडे बोलत नाही, पण तुमच्याकडे जड वस्तू आहे म्हटल्यावर तो बाह्या सरसावून हजर. आमचे डावीकडचे शेजारी सत्तरी ओलांडलेले, तेही आले. या देशात चकल ब्रदर्स नावाच्या दोघा भावांनी बीबीसीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात १९८७ पासून वीसेक वर्षं मुख्यतः एकच विनोद केला: शिडी नाहीतर पियानो दोन बाजूंनी उचलायचा आणि ‘माझ्याकडे’, ‘तुझ्याकडे’ असं म्हणत राहायचं. आम्हाला वाटायचं, यात हसण्यासारखं काय आहे? व्हिक्टोरियन जिन्यात ताटली चढवताना समजलं की तो विनोद नव्हता, माहितीपट होता. हा जिना रुंदीला जेमतेम अडीच फूट, आणि वरच्या टोकाला जिथे वळतो तिथे पायऱ्या पाचरीच्या. वळणावर ताटली उभी करावी तर छताला लागते, आडवी करावी तर कठड्याला. शेजारी प्रत्येक पायरीला ‘सॉरी’ म्हणत होते. कुणाला, ते कळलं नाही, बहुधा भिंतीला. खालून अण्णा हात वर करून सूचना देत होते, त्या मराठीत असूनही शेजाऱ्यांनी बिनचूक पाळल्या. ‘डावीकडून जरा... हां... दमानं... दमानं.’ जड वस्तूच्या दोन टोकांना धरलेल्या माणसांना भाषा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. तिशीचा, कानामागे पेन्सिल, बरोबर एक शिकाऊ पोरगा. त्याने अण्णांना बघून प्रसन्नपणे ‘ऑल राइट, मेट?’ असं विचारलं आणि वर गेला. अण्णा दिवाणखान्यात येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘जावईबापू, आमच्याकडे रस्त्याच्या कामावर मजुरांची टोळी असते, तिच्यावर असतो तो मेट. त्याच्यावर मुकादम. मुकादमावर मिस्त्री. मिस्त्रीवर मी. आल्या आल्या एका शब्दात तीन पायऱ्या खाली आणलं की पोरानं.’ मी समजावलं की इथे सगळ्यांनाच असं म्हणतात, मित्र या अर्थाने. ‘मग साहेबाला काय म्हणतात?’ मी म्हटलं, त्यालाही हेच. त्यावर अण्णांनी या देशाचं साम्राज्य का गेलं याचं एक कारण मनातल्या मनात नोंदवून ठेवल्यासारखं दिसलं.

तेवढ्यात वरून दातांतून हवा आत ओढल्याचा लांबलचक आवाज आला. हा आवाज जगातल्या सगळ्या प्लंबरांच्या मालकीचा आहे. त्याच्यामागून येणारं वाक्यही ठरलेलं: ‘हे कुणी केलं?’ आधीचा कारागीर म्हणजे गाढव, हे या धंद्यातलं पहिलं गृहीतक. ते साताऱ्यातही चालतं, रेडिंगमध्येही. पण या वेळी खरोखर गाढवपणा झालेला होता. टब निघाला, फळ्या उचकटल्या, आणि दिसलं की जुन्या पाइपला वाट द्यायला कुणीतरी एक कडी वरून निम्मी कापून ठेवली आहे. सात इंचांतले साडेतीन शिल्लक. इतकी वर्षं आम्ही पाण्याने भरलेल्या टबात या साडेतीन इंचांच्या भरवशावर पडून होतो. अण्णा भराभर जिना चढून आले, खाचेजवळ स्वतःचं पेन ठेवून दोन बाजूंनी फोटो काढले आणि पंचनामा पूर्ण केला. त्या क्षणापासून प्लंबर आणि अण्णा एका पक्षात गेले. तिसऱ्या, गैरहजर माणसाला शिव्या देण्याइतकं जवळ आणणारं दुसरं काही नसतं.

आता पाणी जाणार कुठे, हा प्रश्न उभा राहिला. शॉवर म्हटलं की लोक वरच्या चाळणीकडे बघतात. वरचं सोपं असतं, सगळी अडचण खाली. लंडनच्या लडगेट हिलवर विल्यम फीथम नावाचा स्टोव्ह बनवणारा होता. १७६७ साली त्याने शॉवरचं पेटंट घेतलं. हातपंपाने पाणी डोक्यावरच्या टाकीत चढवायचं, साखळी ओढून अंगावर घ्यायचं, आणि खाली साचलेलं तेच पाणी पुन्हा वर. म्हणजे सांडपाण्याचा प्रश्न त्याने सोडवला नाही, फिरवत ठेवला. सरकारी खात्यात तो पार वरपर्यंत गेला असता, हे अण्णांचं मत.

आमच्या सांडपाण्याला बाहेरच्या उभ्या पाइपापर्यंत जायचं तर तीन कड्या ओलांडायच्या. आणि कडीला हात लावायचा तर इथले नियम मुंजीच्या मुहूर्तापेक्षा काटेकोर. वरून खाच मारायची तर कडीच्या उंचीच्या एकअष्टमांश. म्हणजे आमच्या १७५ मिलिमीटरच्या कडीला २२. आरपार भोक पाडायचं तर उंचीच्या पाव भागाएवढं, बरोबर मध्यरेषेवर, तेही टेकूपासून गाळ्याच्या पाव ते दोनपंचमांश अंतरातच. शॉवरचा पाइप चाळीसचा, पण प्लंबिंगच्या रीतीप्रमाणे चाळीसचा पाइप बाहेरून मोजला की ४३ भरतो. कडीचा पाव भाग पावणेचव्वेचाळीस. म्हणजे पाऊण मिलिमीटरची चैन. अण्णांनी हा हिशेब पाठकोऱ्या कागदावर केला, खाली दुहेरी रेघ मारली आणि म्हणाले, ‘बसतंय.’

‘आणि उतार?’ प्लंबर म्हणाला.

इथे अण्णा हरखले. एका परक्या देशात, एका परक्या माणसाने, न विचारता उतार हा शब्द काढला होता. नियमाप्रमाणे चाळीसच्या पाइपला मीटरमागे कमीत कमी १८ मिलिमीटर उतार हवा, जास्तीत जास्त ९०. फार कमी दिला तर घाण बसते, फार जास्त दिला तर पाणी इतक्या घाईने पळतं की ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं, आणि मग गटाराचा वास घरात. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहायला हवं. अण्णांनी मान डोलावली. ‘आपला नहाणी ट्रॅप.’ खात्याच्या इंग्रजी अंदाजपत्रकातही तो नहाणी ट्रॅपच असतो. प्लंबरने तो शब्द दोनदा म्हणून बघितला आणि त्याला आवडला.

पण पाइप उतरता न्यायचा तर दुसऱ्या कडीतलं भोक पहिलीपेक्षा सात मिलिमीटर खाली हवं, तिसरीतलं त्याच्याही खाली. नियम म्हणतो भोक मध्यरेषेवर. पाणी म्हणतं खाली. पाऊण मिलिमीटरच्या चैनीत दोघांची समजूत निघेना. त्यात तिन्ही कड्यांचे टेकू अगदी जवळ, म्हणजे गाळ्याचा नियमही आडवा. प्लंबरने पेन्सिल कानामागून काढली, परत ठेवली आणि निकाल सांगितला: कड्यांना हात लावायचा नाही. पाइप कड्यांच्या वरून न्यायचा, आणि ताटली त्याच्याही वर. लाकडाचा चौथरा बांधायचा.

‘जोतं,’ अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. उतारवयात, परदेशात, मुलीच्या घरी, वरच्या मजल्यावर जोतं बांधायला मिळणार होतं.  

लाकूड आणायला आम्ही वखारीत गेलो. इथे ‘फोर बाय टू’ नावाचं लाकूड मिळतं. अण्णांनी खिशातली टेप लावली. भरलं ८९ बाय ३८ मिलिमीटर. चार इंचांत अर्धा कमी, दोन इंचांत अर्धा कमी. त्यांनी वखारवाल्याकडे बघितलं. चाळीस वर्षं ठेकेदारांकडे बघून कमावलेली ती नजर होती. वखारवाल्याने शांतपणे सांगितलं की रंधा मारून कडा गोल केल्यावर एवढंच राहतं, कॅनडाच्या मापाचं आहे, आणि नाव फोर बाय टूच. रंध्याने जेवढं लाकूड नेलं तेवढ्याचेही पैसे गिऱ्हाईकाने द्यायचे, हे तत्त्व अण्णांना ओळखीचं वाटलं. पुढची गंमत अशी की पाटी मीटरमध्ये, बोलणं फुटात. २४४० बाय १२२० मिलिमीटरचा प्लाय मागायचा तो ‘एट बाय फोर’ म्हणून. भारताने १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापं घेतली, त्यानंतर नोकरीला लागलेले अण्णा आजही सुतात बोलतात. ‘अठरा एमएम म्हणजे पाऊण इंच. सहा सूत.’ वखारवाल्याला इंचाचे आठ भाग लगेच कळले. मिलिमीटर दोघांनाही सरकारी वाटत असावेत.

या सबंध काळात घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारत होता: एवढं वजन जमीन पेलेल का? ताटली पंचेचाळीस किलो, खाली लाकूड आणि प्लाय तीसेक किलो, वर एक माणूस. अण्णांनी सासूबाईंचं वजन विचारायला तोंड उघडलं आणि अनुभवी माणसाप्रमाणे मिटून ‘धरू ऐंशी’ असं स्वतःच ठरवलं. मग सुरक्षेचा गुणक लावला. पण खरं तर भीती अनाठायी होती. पोटापर्यंत भरलेल्या टबात शंभराहून जास्त लिटर पाणी असतं, म्हणजे शंभराहून जास्त किलो, आणि त्यात माणूस वेगळा. ती निम्मी कापलेली कडी ते सगळं मुकाट सोसत आली होती. जड ताटलीचा भार घराला होत नाही, तो उचलणाऱ्याच्या कंबरेला होतो. घराला धोका असतो तो लवण्याचा. पायाखाली लाकूड दोन मिलिमीटर जरी लवलं तरी ताटली आणि भिंत यांच्यामधलं सिलिकॉन सुटतं, आणि मग पाणी कुणाच्या नकळत आत जाऊ लागतं. आत गेलेलं पाणी घाई करत नाही. ते पाच वर्षांनी बैठकीच्या छतावर पिवळ्या नकाशाच्या रूपात प्रकट होतं.

म्हणून आधी कापलेल्या कडीला लागून नवी कडी बोल्टने आवळली. मग चौकट: खाली पट्टी, वर पट्टी, मधे ठोकळे, आणि आत आडव्या पट्ट्या एक-एक फुटावर. पाइपाच्या वाटेत एकही ठोकळा नको, आणि पुढची फळी स्क्रूने काढता येईल अशी, उद्या ट्रॅप तुंबला तर. सासूबाई हे सगळं दारातून बघत होत्या. आत्तापर्यंत त्यांनी या कामावर अवाक्षर काढलं नव्हतं. त्या वाकल्या, चौकटीच्या आत डोकावल्या आणि म्हणाल्या, ‘एवढी जागा रिकामीच राहणार?’ पुढची फळी निघते हे कळल्यावर तर त्यांच्या डोळ्यांपुढे बरण्यांची रांगच उभी राहिली असावी. त्यांना सांडपाण्याचा पाइप दाखवून कसंबसं परतवलं.

खरी लढाई पाणसळीवर झाली. प्लाय ठोकून झाल्यावर प्लंबरने पाणसळ लांबीत ठेवली, रुंदीत ठेवली, तिरपी ठेवली. बुडबुडा प्रत्येक वेळी दोन रेघांच्या बरोबर मध्ये. तो खूष झाला. अण्णा अस्वस्थ.

‘याला सांगा, भोकाकडे दोन सूत उतार ठेव.’

मी सांगितलं. प्लंबर म्हणाला, नको, अगदी सपाट हवं, उतार ताटलीतच ओतलेला आहे.

‘तो कारखान्याचा उतार,’ अण्णा म्हणाले. ‘आपला आपण द्यावा.’

प्लंबरने समजावलं की खाली उतार दिला तर ताटलीचा एक कोपरा वर जाईल, काचेचं दार तिरकं बसेल, आणि त्या उंच कोपऱ्यातला उतार उलटा पडून तिथेच पाणी थांबेल. अण्णांनी ऐकून घेतलं. त्यांना पटलंही असावं. पण आयुष्यात एकही मोरी सपाट न बांधलेल्या माणसाच्या हातून सपाट जमीन मंजूर होणं सोपं नसतं. त्यांनी चष्मा काढला, प्लायवर गाल टेकवला आणि एक डोळा मिटून लांबवर बघितलं. शिकाऊ पोराने त्यांच्या शेजारी बसून तसंच बघितलं. हे त्याला कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

तोडगा मालावर निघाला. ताटली नुसती प्लायवर ठेवून भागत नाही, आणि चार ठिकाणी गोळे टाकून तर मुळीच नाही. गोळ्यांच्या मधला भाग अधांतरी राहतो आणि एके दिवशी टाचेखाली तडकतो. खाली सबंध थर हवा, वाळू-सिमेंटचा, घट्टसर. प्लंबर पोराला म्हणाला, ‘फाइव्ह टू वन.’ अण्णा ताडकन म्हणाले, ‘एकास पाच!’ आणि पुढे होऊन त्यांनी माल मुठीत घेतला, दाबला, मूठ उघडली. गोळा तसाच राहिला, पाणी सुटलं नाही. ‘हं,’ अण्णा म्हणाले. प्लंबरनेही मूठ भरून बघितली. तोही तसंच काहीसं म्हणाला. बायकोची आल्याचा चहा घेऊन यायची तीच वेळ, पण त्या दोघांना मधे बोलावणं तिलाही बरं वाटेना.

ताटली तिघांनी उतरवली. थरावर बसताना तिने एक मऊ, समाधानी आवाज केला. पुन्हा पाणसळ, पुन्हा बुडबुडा, एका कोपऱ्यात हाताच्या तळव्याने दोन थापट्या. पाइप जोडून झाल्यावर अण्णा खाली गेले आणि देवघरापुढचा तांब्या भरून आणला. सगळ्यांना बाजूला सारून त्यांनी सर्वांत लांबच्या कोपऱ्यात पाणी ओतलं. पाणी क्षणभर थबकलं, मग चारी बाजूंनी गोळा होऊन भोकाशी गेलं आणि गुडगुड करत नाहीसं झालं. कोपरा कोरडा. त्यांनी बोट फिरवून बघितलं. खात्यात असताना अण्णांनी कुठल्याही ठेकेदाराला ‘छान’ म्हटलेलं नाही, असं सासूबाई सांगतात. ते म्हणाले, ‘बिल पास करायला हरकत नाही.’

मग सासूबाईंना बोलावलं. त्यांनी खालून वर बघितलं. लाकूड, प्लाय, माल आणि ताटली धरून आंघोळीची जागा जमिनीपासून जवळपास आठ इंच वर गेली होती. इथल्या घरगुती जिन्याच्या पायरीला २२० मिलिमीटरपर्यंत उंचीची परवानगी आहे, त्या हिशेबाने हे बसत होतं. गुडघ्याच्या हिशेबाने नव्हतं. ‘टब परवडला,’ त्या म्हणाल्या. ‘त्यात निदान पडायचं कुठे ते माहीत होतं.’ प्लंबरला भाषांतर लागलं नाही. उरलेल्या फोर बाय टूमधून त्याने पुढ्यात चार इंचांची एक पायरी करून दिली आणि भिंतीवर धरायला दांडी ठोकली. जोतं आलं की पायरी आलीच. सासूबाई चढल्या, वर उभ्या राहिल्या, दांडी हलवून बघितली. वरून त्यांना खिडकीतून शेजाऱ्यांच्या परसातलं सगळं दिसू लागलं, ही या योजनेत न धरलेली सोय. त्यानंतर गुडघ्याची तक्रार ऐकू आली नाही.

सिलिकॉन मारून प्लंबर निघाला. नळीवर लिहिलेलं असतं: चोवीस तास पाणी लावू नये. घरातली एकुलती आंघोळीची जागा चोवीस तास बंद, आणि आंघोळ केल्याशिवाय अण्णा चहासुद्धा घेत नाहीत. सकाळी सहाला ते धोतर, टॉवेल आणि तांब्या घेऊन डावीकडच्या शेजाऱ्यांच्या दारात उभे राहिले. आदल्या संध्याकाळी शेजाऱ्यांनीच बोलावलं होतं. इंग्रज माणूस असं बोलावतो तेव्हा कुणी खरंच येईल अशी त्याची अपेक्षा नसते. त्यांच्याकडे गालिच्याचं बाथरूम. आम्ही इकडे भिंतीला कान लावून बसलो.

अर्ध्या तासाने दोघे बाहेर आले. अण्णांचे केस ओले होते आणि शेजाऱ्यांच्या हातात फळी उचकटायची पहार होती. गालिच्याचा एक कोपरा म्हणे भुसभुशीत लागला, म्हणून अण्णांनी तो उचलून बघितला, म्हणून फळी उचलली, म्हणून खालची कडी दिसली. त्यांनी पुन्हा पंचनामा केला होता. शेजारी माझ्याकडे वळले. तुमच्या सासऱ्यांना वेळ असेल तर आमच्याकडचं कामही त्यांच्याच नजरेखाली व्हावं, असं त्यांनी खूप ‘जर’ आणि ‘तर’ घालून विचारलं. अण्णा पाणसळ शोधायला आमच्या घरात शिरलेसुद्धा.

हिने जिन्यातच अडवलं. ‘अण्णा, तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आला आहात. या व्हिसावर काम करायला बंदी आहे. फुकट केलं तरी चालत नाही.’

‘मी कुठे काम करतोय?’ अण्णा म्हणाले. ‘मी सुपरव्हिजन करतोय.’